दुसऱ्याचा स्कोअर वाचायला शिकलीस, आता स्वतःचा वाच

प्रिय मुली,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. जीआरईचे, म्हणजे अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचे, व्हर्बल (भाषा) १५४, क्वांट (गणित) १४८ हे आकडे तू पहिल्याच ओळीत लिहिलेस. दीड वर्षापासून तू स्मृतीवर काम करणाऱ्या लॅबमध्ये मुलाखतींचं कोडिंग, म्हणजे उत्तरांचं ठरावीक गटांत वर्गीकरण, करते आहेस, ही गोष्ट मात्र तिसऱ्या पानावर आली, तीही जाता जाता. हा क्रम बदलायला हवा. पत्रात आणि अर्जात तर हवाच, पण त्याआधी तुझ्या मनात.

तू विचारलंस, "या स्कोअरवर अमेरिकेत मानसशास्त्राच्या पीएचडीला अर्ज करण्यात काही अर्थ आहे का?" अर्थ आहे, पण कुठे आणि कसा करायचा हे नीट ठरवावं लागेल.

आधी त्या १४८ कडे बघू. मानसमापनाच्या तासाला शिकलीस ते आठव: मिळालेला गुण म्हणजे खरा गुण अधिक त्रुटी. उद्या एखाद्या क्लायंटचा बुद्ध्यांक ९२ आला, तर अहवालात नुसता ९२ लिहून तू थांबणार नाहीस, खरा गुण ज्यात असण्याची शक्यता आहे असा आकड्यांचा पट्टा देशील. जीआरईच्या या विभागांची मापनाची प्रमाण-त्रुटी, म्हणजे मोजण्यात सहज होणारा कमी-जास्तपणा, साधारण २ गुणांची आहे. म्हणजे तुझा १४८ हा १४६ ते १५० असा वाचायचा. पर्सेंटाइलचंही, म्हणजे किती टक्के परीक्षार्थी तुझ्या खाली आहेत या आकड्याचंही, तसंच. तो आकडा परीक्षा देणाऱ्या सगळ्यांच्या तुलनेत असतो आणि त्यात इंजिनिअरिंग, संगणकशास्त्राकडे जाणारे भरपूर असतात. मानसशास्त्राच्या अर्जदारांमध्ये तू कुठे उभी आहेस, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

पण म्हणून परीक्षाच निरर्थक आहे, असं स्वतःला सांगू नकोस. कुन्सेल, हेझलेट आणि ओनेस या संशोधकांनी २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा जीआरईचा पदव्युत्तर गुणांशी आणि प्राध्यापकांनी केलेल्या मूल्यमापनाशी खरोखरचा संबंध दिसला. पदवी पूर्ण होईल की नाही, संशोधन किती होईल, याबाबत मात्र तो बराच सैल होता. त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉझ यांनी ओरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातले प्रवेश तपासले होते. जीआरई, पदवीचे गुण आणि आधीच्या महाविद्यालयाचा दर्जा या तीनच गोष्टींचं साधं सूत्र, विद्यार्थी पुढे कसं काम करतील याचा अंदाज प्रवेश समितीपेक्षा चांगला देत होतं. त्यामुळे तुझा स्कोअर पाहून कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर तो अन्याय आहे असं समजू नकोस. त्या आकड्यात माहिती आहे, फक्त ती अपुरी आहे. बाकीची माहिती पुरवणं हे तुझं काम.

आता यादीकडे. २०२० नंतर मानसशास्त्राच्या अनेक विभागांनी जीआरईची सक्ती काढली. काही विभाग स्कोअर पाठवला तरी पाहत नाहीत, काही ठिकाणी तो ऐच्छिक आहे, काही ठिकाणी आजही लागतो. ऐच्छिक असेल तिथे तू पाठवू नकोस. पहिल्या गटातल्या विभागांपासून यादी सुरू कर. विभागाचं पान वाचून झालं की विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचंही पान वाच, कारण कधी कधी दोघांचे नियम वेगळे असतात. फेलोशिपसाठी स्कोअर वेगळा मागतात का, हेही विचारून घे. क्लिनिकल (मानसिक आजार आणि उपचारांच्या) पीएचडीसाठी एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, मान्यता असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला विद्यार्थ्यांची माहिती जाहीर करावी लागते: पदवीला किती वर्षं लागतात, खर्च किती, किती जण मध्येच सोडतात, इंटर्नशिप किती जणांना मिळते. ते तक्ते नावाजलेल्या विद्यापीठांच्या क्रमवारीपेक्षा तुला जास्त उपयोगी पडतील. सायडी (PsyD) ही मानसशास्त्रातली वेगळी डॉक्टरेट हा दुसरा मार्ग आहे, प्रत्यक्ष उपचारांकडे झुकणारा. पण पीएचडीला बहुधा शिक्षणशुल्क माफ होतं आणि विद्यावेतन मिळतं, सायडीचा खर्च बहुतेकदा स्वतःच उचलावा लागतो. प्रवेश सोपा वाटतो म्हणून तिकडे वळू नकोस.

यापुढचं मी जरा विस्ताराने लिहिते, कारण अर्ज खरा इथेच ठरतो. पीएचडीसाठी बहुतेक विभागांत तुला एक प्राध्यापक निवडतो, कारण पुढची पाच-सहा वर्षं तू त्याच्या लॅबमध्ये असणार असतेस. मी प्रवेशाचे अर्ज वाचायला बसायचे, तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न असायचा: हिला माझ्या लॅबमधला कोणता प्रश्न रात्री झोपू देणार नाही? ज्या अर्जात त्याचं उत्तर सापडायचं, तो मी बाजूला काढून ठेवायचे आणि मग त्याचे आकडे बघायचे. म्हणून आधी माणसं शोध. त्यांचे गेल्या तीन वर्षांतले लेख वाच, नुसते सारांश नव्हे, पद्धतीचा भागही. मग एक छोटा ईमेल लिही: मी हे काम करते आहे, तुमच्या अमुक लेखातल्या अमुक निष्कर्षाबद्दल मला हा प्रश्न पडला, यंदा तुम्ही नवे विद्यार्थी घेणार आहात का? पाच-सहा वाक्यं पुरे. स्कोअरचा उल्लेख नको. यंदा घेणार नाही असं उत्तर आलं तर ते नाव काढून टाक, अर्जाचं शुल्क तरी वाचेल.

क्वांटबद्दलची शंका दूर करायची, तर आकडेमोडीचा पुरावा आकडेमोडीनेच द्यावा लागेल. संख्याशास्त्राच्या पेपरात तुला चांगले गुण आहेत, ते अर्जात स्पष्ट दिसू देत. लॅबमधला डेटा आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः साफ कर, एकाच मुलाखतीचं कोडिंग करणाऱ्या दोघांमध्ये किती सहमती आहे ते स्वतः काढ. तुझ्या लॅबच्या मॅडमची परवानगी असेल तर तो आरमधला कोड ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधन खुलं ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेव. आणि शिफारसपत्र मागताना त्यांना सरळ सांग: "माझा क्वांट कमी आहे, माझं विश्लेषणाचं काम तुम्ही पाहिलं आहे, त्याबद्दल दोन ओळी लिहाल का?" असं मागायला संकोच वाटेल, तरी माग. "ही विद्यार्थिनी मेहनती आहे" या वाक्याचा वाचणाऱ्याला काही उपयोग होत नाही. "तिने आमच्या कोडिंगमधली चूक शोधली आणि विश्लेषण पुन्हा केलं" या वाक्याचा होतो.

एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रात, स्कोअरची कैफियत मांडू नकोस. फारच वाटलं तर एक वाक्य, तेही पुराव्याकडे नेणारं. परीक्षेच्या आठवड्यात तू आजारी होतीस हे मला कळलं, मला त्याचं वाईटही वाटलं, पण तिथे ते नको. आमच्या विषयात आणखी एक खाचखळगा आहे. ॲपलबी आणि ॲपलबी या संशोधकांनी २००६ साली प्रवेश समित्यांना विचारलं होतं, कोणत्या गोष्टींनी अर्ज बुडतो? स्वतःच्या मानसिक त्रासाचं मोकळं वर्णन आणि "मला लोकांना मदत करायची आहे" हा सूर, दोन्ही त्यांत होते. तुझ्या मसुद्याचा पहिला परिच्छेद आईच्या नैराश्याबद्दल आहे. तो तू किती जिवापाड लिहिला आहेस ते मला दिसतं. तरीही तो काढ. त्या अनुभवातून उठलेला प्रश्न मात्र ठेव: उदास मनाला जुन्या आठवणी तपशिलाशिवाय, धूसर का आठवतात? हा प्रश्न घेऊन आलेली मुलगी मला माझ्या लॅबमध्ये हवी असेल.

परीक्षा पुन्हा द्यायची का? तू तीन आठवडे तयारी केली होतीस, त्यामुळे एकदा दे. दोन प्रयत्नांत २१ दिवसांचं अंतर लागतं आणि कोणत्या दिवसाचे स्कोअर पाठवायचे हे तुला निवडता येतं. दोन महिने रोज तासभर, फक्त क्वांट. त्यानंतरही १५० च्या आसपासच राहिला तर तिसऱ्यांदा देऊ नकोस. तो वेळ लॅबला दे.

आणि यंदा कुठेच नाही झालं, तर प्रबंध असलेली मास्टर्स किंवा एखाद्या लॅबमध्ये पगारी संशोधन सहायकाची दोन वर्षं, हे दोन्ही मार्ग चांगले आहेत. प्रबंध आणि पदव्युत्तर गुण हातात असले की वाचणारा साहजिकच आधी ते बघतो.

बऱ्याच ठिकाणी शेवटची तारीख १ डिसेंबरच्या आसपास असते, म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. या रविवारपर्यंत मला सहा प्राध्यापकांची नावं पाठव. प्रत्येकाच्या नावापुढे एक प्रश्न लिही, त्यांच्या लेखात ज्याचं उत्तर तुला सापडलं नाही असा. स्कोअर पुन्हा लिहू नकोस, तो मला पाठ झाला आहे.

तुझी,
मॅडम