मिस्टरांच्या आधी जेवा

प्रश्न : डॉक्टर, मला सातवा महिना चालू आहे. राहायला भांडुपला, नोकरी सीएसएमटीजवळ. दिवसभर ठीक असतं, पण रात्री आडवं झालं की छातीत आग पडते, आंबट पाणी घशाशी येतं. तिखट पूर्ण बंद केलं, तरी फरक नाही. मिस्टर साडेदहाला येतात, मग आम्ही एकत्र जेवतो आणि लगेच गाद्या घालतो. पलंग नाही. फसफसणारी पावडर रोज घेतली तर चालेल का? सासूबाई म्हणतात, जळजळ होते म्हणजे बाळाला जावळ भरपूर.
– एक वाचक, भांडुप

उत्तर : तिखट बंद केलंत, पण साडेदहाचं जेवण तसंच ठेवलंत! जठराच्या तोंडाशी झडपेसारखा स्नायू असतो. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि तो सैलावतो. त्यात वाढलेलं गर्भाशय जठराला खालून रेटतं. अशा वेळी भरल्या पोटी आडव्या झालात, तर आम्ल वर येणारच.

आठला जेवून घ्या, अकराला झोपा. मिस्टर आले की त्यांच्या ताटासमोर बसून गप्पा मारा, पण आग्रहाचा घास नको. ऑफिसातून निघताना डब्यातली एखादी पोळी-भाजी खा, म्हणजे घरी आल्यावर जेवणावर तुटून पडणार नाही.

पलंग असता तर डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा म्हटलं असतं. माझ्या दुसऱ्या खेपेला मी तेच केलं होतं. तुम्ही गादीखाली, कमरेपासून वर, गोधड्या सरकवा. कमरेशी एक घडी, डोक्याकडे तीन-चार, असा उतार करा. नुसती उशांची चळत लावलीत तर मान वर जाते, पण पोट मध्येच दुमडतं आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपा.

पावडर रोज नको. तिच्यात खाण्याचा सोडा असतो, त्यातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं. गरोदरपणात चालणारी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची अँटासिडं आहेत, ती तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मात्र लोहाची गोळी आणि अँटासिड यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबरही घेऊ नका.

बरगडीखाली उजवीकडे कळ, न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर अचानक सूज यातलं काहीही झालं तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठून बीपी तपासून घ्या.

आणि सासूबाईंना हसू नका हं. 2006 साली अमेरिकेत बाल्टिमोरला 64 गरोदर बायकांचा एक छोटा अभ्यास झाला. ज्यांना जळजळ जास्त, त्यांच्या बाळांना केसही जास्त निघाले! मी मात्र तीन महिने विटांवर टेकवलेल्या पलंगावर काढले, आणि लेक जन्मली ती चक्क टकली.