एमजीबीची सीट अर्ध्यात अडकते : आधी रेल बघ, मग सीट

तुझा प्रश्न मला असा कळला: एमजीबीचं (ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) फ्लोअर नवीन टाकलंय, सीटांना नवा फोम आणि कव्हर झालंय, आता ड्रायव्हरची सीट मागून निम्म्यापर्यंत छान येते आणि मग घट्ट होते, बघायला पण जरा टनेलकडे (दोन सीटांमधला फ्लोअरचा उंचवटा) तिरकी वाटते, आणि वर डोकं टपाला लागतंय. ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत रे, एकत्र सोडवायला गेलास तर दिवस जाईल आणि चिडचिड होईल ती वेगळीच.

अडकण्याचं आधी घेऊ. सीट अर्ध्यात अडकते म्हणजे जवळपास नेहमी दोन रेल (सीट ज्यांवर पुढेमागे सरकते त्या पट्ट्या) एकमेकांना समांतर नाहीत, किंवा समांतर आहेत पण एका पातळीत नाहीत. जुना लाकडी ड्रॉवर तिरका ढकलला की जसा अडकतो तसंच. ग्रीस मारून हे सुटत नाही, उलट धूळ चिकटून महिन्याभरात आणखी वाईट होतं. तर सीट बाहेर काढ, जाड चादरीवर उलटी ठेव आणि रेल सीटलाच लावलेल्या असताना दोन्ही स्लायडर पुढेमागे करून बघ. इथेच जड जात असेल तर फ्लोअरचा काही दोष नाही, सीटची फ्रेम पिळलीय किंवा रेल वाकलीय किंवा नवं कव्हर ताणून बसवताना त्याची घडी रेलखाली आलीय (हे नव्या अपहोल्स्ट्रीत फार होतं). इथे हलकं चालत असेल तर दोन्ही रेलच्या आतल्या कडांमधलं अंतर पुढच्या आणि मागच्या टोकाला मोज आणि लिहून ठेव. मग गाडीत जाऊन फ्लोअरवरच्या भोकांचं तेच माप घे.

नव्या फ्लोअर पॅनमध्ये (फ्लोअरचा पत्रा) गंमत अशी असते की पॅन ठीकठाक असतो, पण वेल्डिंग करताना तो दोन-तीन मिलीमीटर सरकतो, मग खालचा नट त्याच्याबरोबर सरकतो, आणि बोल्ट जबरदस्तीने लावला की रेलच वाकते. एखाद मिलीमीटरचा फरक असेल तर रेलचं भोक गोल कानशीने जरासं लांबट करून जाड वॉशर टाकणं मी चालवून घेईन. त्याहून जास्त असेल तर नट कापून योग्य जागी वेल्ड कर. सीट म्हणजे ब्रेक मारल्यावर तुझं वजन धरून ठेवणारी गोष्ट आहे, तिथे रुंद केलेलं भोक आणि मोठा वॉशर हा जुगाड नको. आणि काहीही ड्रिल किंवा वेल्ड करण्याआधी खाली वाकून बघ, कार्पेट काढलेलं असू दे, फ्लोअरखालून ब्रेक पाईप, फ्युएल लाईन आणि बॅटरीची जाड केबल कुठून गेलीय ते नजरेत घे.

बोल्टबद्दल एक: ही गाडी १९६२ ते १९८० पर्यंत बनली आणि आटे इंचाचे आहेत. सीटचा बोल्ट ५/१६ यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे), म्हणजे इंचाला २४ आटे. हाताशी असलेला एम८ (मेट्रिक, ८ मिमी) बोल्ट जाडीला जवळपास सारखा (५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी), त्यामुळे एक-दोन फेऱ्या सहज जातो आणि मग फसतो, आणि तू पान्याने जोर लावलास की फ्लोअरमधल्या नटाचे आटे गेले समज. बोल्ट बोटांनी तीन-चार फेऱ्या गेलाच पाहिजे, नाही गेला तर थांब. पेंट अडकलं असेल तर योग्य टॅपने (आटे पाडायचं हत्यार) नट साफ कर.

आता बसवणं. रेलखाली लाकडी पट्ट्या येतात, त्या ठेव, कार्पेट रेलखाली दाबून बसवू नकोस, तेवढं कापून घे, कारण कार्पेट दबत राहतं आणि बोल्ट सैल पडतो. चारही बोल्ट आधी हातानेच लाव, एकही टाईट नाही. मग सीट मागे ढकलून पुढचे दोन हलके आवळ, पुढे ओढून मागचे दोन. चार-पाच वेळा पूर्ण पुढेमागे फिरव म्हणजे रेल स्वतःची जागा धरतात. मग एकेक बोल्ट टाईट कर आणि प्रत्येक बोल्टनंतर परत सीट फिरव. ज्या बोल्टला आवळल्यावर जड झालं ना, तोच कोपरा दोषी. त्याच कोपऱ्यात रेलखाली पातळ शिम (पत्र्याची चकती) घाल, बहुतेक वेळा एक-दीड मिलीमीटरच पुरतं. हे कंटाळवाणं आहे पण यातच उत्तर आहे, बाकी सगळे अंदाज. लॉकचा खटका शेवटपर्यंत बसतोय ना तेही बघ: सीटवर बसून, पायाने जोर देऊन मागे रेट. अर्धवट बसलेला लॉक ब्रेकवर सुटतो.

तिरकी वाटते म्हणालास, त्यात अर्धा भाग डोळ्याचा आहे. टनेल पुढे रुंद आणि मागे निमुळता, त्यामुळे त्याच्याकडे बघून सीट सरळ करू नकोस, सिलपासून (दरवाज्याखालची कड) मोज. रेलच्या दोन्ही टोकांचं सिलपासूनचं अंतर सारखं आलं तर सीट सरळ आहे, टनेल काहीही सांगो. रिक्लायनरचा (सीटची पाठ मागे कलवायचा) दांडा दरवाज्याला किंवा टनेलला घासत नाही ना तेवढं बघून घे.

उंचीचं सोपं आहे पण घाई नको. नवीन फोम कडक असतो, आणि खालचा रबरचा पडदाही नवा ताणलेला असेल तर तू जुन्या दबलेल्या सीटपेक्षा बराच वर बसतोस. थोडे आठवडे चालव, बसेल तो. नाहीच बसला तर फोम खालच्या बाजूने, वरच्या नाही, पातळ कापून घे. लाकडी पट्ट्या पातळ करायच्या तर सगळ्या सारख्याच कर, आणि लिव्हर कार्पेटला अडत नाही ना ते आधी बघ. पट्ट्या नव्या असतील तर लाकूड दबतं, म्हणून महिन्याभराने चारही बोल्टना परत एकदा पाना लाव.