ललित लिहायला बसताय? आधी मेथीची जुडी बघा

लिहायचं ठरवलंत, छान केलंत. फक्त सुरुवात ‘आयुष्य म्हणजे काय’ इथून करू नका. माझी पहिली वही असल्याच वाक्यांनी भरली होती. आज ती माझ्याच्याने वाचवत नाही.

डोंबिवली-दादर रोज करता ना? मग विषय शोधत फिरायची गरजच नाही. परवा परतताना लेडीज डब्यात समोरच्या बाई मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या. कुर्ला येईपर्यंत शेजारच्या दोघींनी न विचारता एकेक मूठ उचलून खुडायला घेतली. घाटकोपरला तिसरी चढली, तिच्यासाठी सरकून जागा केली आणि तिच्याही हातात चार काड्या ठेवल्या. एवढंच लिहा. ‘माणुसकी’ हा शब्द मात्र कुठेही येता कामा नये.

सुरुवातीला सांभाळायचं ते असं:

- रोज पाचच ओळी, पण त्याच दिवशी. सकाळपर्यंत पेपरावरची माती विसरायला होते.
- माणसं बोलतात तशीच उतरवा. त्यांची भाषा सुधारायला जाऊ नका, सगळ्या बायका एकाच शाळेतल्या बाई वाटायला लागतात.
- घरच्यांना लगेच दाखवू नका. ‘छान आहे गं’ याचा काडीचा उपयोग नसतो.

आणि वाचा. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 सालचं. उतरताच तिथे, तर डोकावा.

शैली, दिवाळी अंकांना पाठवणं वगैरे पुढच्या वर्षी बोलू. आधी एक वही संपू द्या.