कॅरिबियन क्रूझ दोघांसाठी: पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, मुलगा म्हणतोय मायामीहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजावर सात रात्रींची कॅरिबियन सफर करा. तुम्हाला तीन शंका आहेत. हजारोंच्या गर्दीत दोघांना निवांतपणा मिळेल का, बाल्कनीची केबिन घ्यावी का, आणि म्हापशात राहणाऱ्या माणसाने समुद्र बघायला अर्धं जग ओलांडून का जावं? आम्ही दोघं फोंड्याहून दोनदा जाऊन आलो, २०१९ च्या फेब्रुवारीत अगदी मोठ्या जहाजावर आणि २०२३ मध्ये त्याच्या निम्म्याहून लहान जहाजावर. त्या अनुभवावरून सांगते: जरूर जा. मायामीला दोन रात्री आधी पोहोचण्यासाठी आणि समुद्राकडच्या बाल्कनीसाठी हात सैल सोडा, बाकी जहाजावर जे जे तिकिटाच्या वर विकायला येतं त्यात हात आखडता घ्या.

आधी कागद, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मायामीहून निघून मायामीलाच परत येणार म्हणजे तुम्ही अमेरिकेत दोनदा शिरणार. म्हणून बी-१/बी-२, म्हणजे पर्यटकाचा, व्हिसा हवा आणि तो मल्टिपल एंट्रीचा हवा. गोव्याचे अर्ज मुंबईच्या वकिलातीकडे जातात. अपॉइंटमेंटला महिनेच्या महिने लागू शकतात, त्यामुळे व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका. आपल्याकडे घरटी कोणीतरी जहाजावर असतो म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. तुमच्या मिस्टरांकडे पूर्वीच्या नोकरीचा सी-१/डी व्हिसा असेल तर तो खलाशांचा, प्रवासी म्हणून चालत नाही. घरात कोणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर त्याला व्हिसाऐवजी ऑनलाइन एस्टा परवानगी पुरते, पण ती त्या एकट्यापुरती. मेक्सिकोसाठी अमेरिकेचा चालू व्हिसा असला की वेगळा लागत नाही. बाकीच्या बंदरांचे नियम क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

आता दोन रात्री आधी का, ते. २०१९ मध्ये आमचं जहाज रविवारी सुटणार होतं आणि आम्ही शुक्रवारी मायामीत उतरायचं ठरवलं होतं. लोक म्हणाले, एवढे आधी जाऊन हॉटेलचे पैसे कशाला? दाबोळीहूनच विमान उशिरा उडालं, पुढचं आखातातलं कनेक्शन चुकलं, एक रात्र विमानतळाच्या खुर्चीत गेली. मायामीत शनिवारी रात्री पोहोचलो, तेही माझ्या बॅगेशिवाय. माझी रक्तदाबाची गोळी त्या बॅगेत होती. बॅग रविवारी सकाळी नऊला हॉटेलवर आली आणि संध्याकाळी साडेचारला जहाज सुटलं. आमच्याच विमानात एक वयस्कर जोडपं होतं, त्यांचं जहाज शनिवारचं. ते गेलं. त्या बाईंचा कोरा झालेला चेहरा मला अजून आठवतो. हजारो लोक घेऊन निघालेलं जहाज दोघांसाठी थांबत नाही, आणि विमान कंपनीने उशीर केला म्हणून क्रूझचे पैसेही परत मिळत नाहीत. मोपाहून निघा की दाबोळीहून, पुढे विमान बदलायचंच आहे. औषधं, चष्मा, एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. प्रवास विमा काढताना त्यात आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचून बघा. जहाजावर डॉक्टर असतात, पण बिल डॉलरमध्ये आणि तिथल्या तिथे.

बाल्कनी. घ्या, पण कोणती ते नीट बघून. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ओएसिस वर्गातल्या अजस्र जहाजांना मधोमध मोकळा चौक असतो आणि काही बाल्कन्या त्या चौकात उघडतात. स्वस्त असतात, पण समुद्राऐवजी समोरच्यांच्या खुर्च्या दिसतात. बुकिंग करताना समुद्राकडची हे शब्द वापरून विचारा. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावे सर्वांत कमी लागतात. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असाव्यात. तलावाच्या डेकखालची केबिन घेतलीत तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचे आवाज डोक्यावर.

यांची उभी नोकरी झुवारी नदीतल्या खनिजाच्या बार्जींच्या हिशेबात गेली, त्यामुळे बाल्कनीचा खरा उपयोग यांनी केला. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला पोहोचायच्या दिवशी पहाटे मला हलवून उठवलं. बाहेर अजून निळसर काळोख होता. खाली पाण्यावर एक छोटी पायलट बोट आमच्या जहाजाला चिकटून धावत होती, आमच्या जहाजाच्या पोटातलं एक दार उघडलं, आणि बोटीतला माणूस लाट वर आली त्या क्षणाला शिडी पकडून आत गेला. बंदराचा वाटाड्या तो. मग एवढं साडेतीनशे मीटरहून लांब जहाज जागच्या जागी फिरलं आणि धक्क्याला लागलं. हे टग, म्हणजे जहाज ओढणारी छोटी बोट, शोधत होते, कारण मुरगाव बंदरात मोठं जहाज टगशिवाय आत घेतलेलं यांनी कधी पाहिलेलं नाही. इथे टग नव्हताच. जहाजाच्या मागे चहूबाजूंना वळणारे तीन पंखे, प्रत्येकी २० मेगावॅटचे, आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आडवा धक्का देणारे आणखी चार. दोघं चहाचे कप हातात धरून तासभर नुसते बघत उभे होतो. पंचवीस वर्षांत असा तास आम्हाला किती वेळा मिळाला असेल!

गर्दीचं म्हणाल तर आकडा ऐकून छाती दडपते हे खरं. ओएसिस वर्गाच्या जहाजावर केबिनला दोघं धरले तरी साडेपाच हजारांच्या आसपास प्रवासी आणि वर दोन हजारांहून जास्त कर्मचारी. २०२४ मध्ये आलेलं आयकॉन ऑफ द सीज त्याहूनही मोठं, २,४८,६६३ ग्रॉस टनांचं. पण ही माणसं ठरावीक वेळी ठरावीक जागी गोळा होतात: दुपारचा बुफे, तलाव, रात्रीचा शो. तुम्ही उलट्या वेळा धरा. बुफेऐवजी जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये बसा, तिथलं जेवण तिकिटातच असतं. दोघांचंच टेबल हवं हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आणि एका बंदराच्या दिवशी उतरूच नका. सगळे खाली जातात, जहाज रिकामं होतं. त्या मधल्या चौकात बारा हजारांवर खऱ्या रोपांची बाग आहे. भर सकाळी अकरा वाजता तिथल्या बाकावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

हे सगळं मानवेल की नाही अशी धास्ती असेल तर आधी मुरगाव-मुंबई क्रूझ करून बघा. ती करणारं एम्प्रेस १९९० मध्ये नॉर्डिक एम्प्रेस नावाने बांधलं गेलं आणि तेव्हा मायामीहून बहामाला जायचं. ओएसिसच्या मानाने ते फारच लहान, पण बोट लागते का, केबिनमध्ये कोंडल्यासारखं होतं का, हे दोन रात्रींत कळतं.

जेवणाची काळजी तुम्ही विचारली नाहीत, पण मला होती. दुसऱ्या रात्री टेबलावर मी यांना कोंकणीत म्हटलं, "मात्शें उदक दी." पाणी ओतणारा मुलगा थबकला. "मावशे, तुमी गोंयचीं?" छातीवरच्या पट्टीवर नावाखाली इंडिया लिहिलेलं. काणकोणचा निघाला. घर सोडून पाचवा महिना चालू, धाकटीचं लग्न मोबाइलवर पाहिलेलं. त्याने हेड वेटरला सांगून आम्हाला रोज साधा भात आणि डाळ मिळवून दिली, आणि एकदा तर स्वतःच्या डब्यातलं घरचं लोणचं आणलं. बहुतेक मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी पदार्थ असतो, नसला तर आदल्या रात्री सांगितलं की करून देतात. या मुलांना करार संपेपर्यंत आठवड्याची सुट्टी नसते. म्हणून कळकळीची विनंती: माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, खात्यावर लागते, काही प्रवासी काउंटरवर जाऊन ती काढून टाकायला लावतात. तसं करू नका. सासष्टीत आणि बार्देशात किती घरं या कमाईवर उभी राहिली हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमचा तिसरा प्रश्न, समुद्र तर आपल्याकडेही आहे. आहे, पण तो समुद्र वेगळा. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आपल्याकडे दोनेक मीटरचा फरक पडतो, ओहोटीला खडपं उघडी पडतात, बायका शिनाणे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला जातात. कोझुमेलला सकाळी पाणी जिथे होतं तिथेच संध्याकाळी. तळ दिसेल इतकं नितळ, कारण आपल्यासारख्या गाळ आणणाऱ्या नद्या त्या बेटावर नाहीत. नुसतं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाशी मासे फिरतात. पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेट घालून तोंड पाण्यात घालाच.

पण मला जास्त आवडला तो जमैकातल्या फाल्मथचा दिवस. कंपनीची महागडी सहल न घेता आम्ही दोघं गावात पायी हिंडलो. रस्त्याकडेला एक बाई निखाऱ्यावर काहीतरी काळंठिक्कर भाजत होती. साल सोलली तशी आतली पिवळसर फोड दिसली आणि वासावरूनच मी ओळखलं, नीरफणस! आपण रवा लावून ज्याचे काप करतो तोच. मूळचा तो पॅसिफिक बेटांवरचा, गुलामांना स्वस्तात खायला घालता यावं म्हणून कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून रोपं तिथे नेली. आणि शेजारच्या टपरीवर कढी नव्हे, करी होती, मटणाची, रोटीबरोबर. आपल्याकडच्या मजुरांचं पहिलं जहाज १० मे १८४५ ला जमैकाला लागलं, ती चव त्यांच्यामागे राहिली. नीरफणस भाजणाऱ्या बाईने मला विचारलं, तुमच्याकडे याचं झाड आहे का? मी मोबाइलमधला परसातला फोटो दाखवला. तिने हात पुसून मोबाइल घेतला आणि फोटो मोठा करून करून पाहिला.

बंदरात स्वतःहून हिंडणार असाल तर एकच सांभाळा, जहाजाची वेळ. जमैका आणि कोझुमेलची घड्याळं वर्षभर एकच राहतात, पण उन्हाळ्यात मायामीचं घड्याळ एक तास पुढे जातं आणि जहाज बहुधा मायामीच्या वेळेने चालतं. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि लोक फसतात. म्हणून साधं मनगटी घड्याळ लावून जहाजाच्या वेळेवरच ठेवा. तुलुमसारखं मेक्सिकोच्या मुख्य भूमीवरचं ठिकाण बघायचं असेल, जिथे फेरी आणि बस दोन्ही लागतात, तिथे मात्र कंपनीचीच सहल घ्या. ती उशिरा आली तर जहाज थांबतं.

पेयांचं पॅकेज केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर बहुतेक कंपन्या दुसऱ्यालाही घ्यायला लावतात, त्यामुळे तुम्ही पीत नसाल तर सोडून द्या. पाणी, चहा, कॉफी फुकट असते. जहाज सुटलं की मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रातल्या रोमिंगचं बिल भयंकर येतं. इस्त्री, पाण्याची किटली, उदबत्ती, मेणबत्ती नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. भिंती लोखंडी असतात, चार लोहचुंबकी हुक न्या, ओले कपडे टांगायला फार कामाला येतात. जेवणाआधी हात साबणानेच धुवा, जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर फारसा जुमानत नाही.

तारखेबद्दल म्हणाल तर वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यात तिकिटं स्वस्त मिळतात, जहाज वादळाला वळसा घालतं, पण ठरलेली बंदरं बदलतात. शिवाय २०११ पासून वसंतात आणि उन्हाळ्यात तिकडच्या किनाऱ्यांवर सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने येऊन कुजतं. तुमच्या लग्नाचा वाढदिवस डिसेंबरातला आहे म्हणता. नाताळचा आठवडा सर्वांत महाग आणि मुलांनी भरलेला, तेव्हा जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतची तारीख धरा. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि पासपोर्ट आठवणीने हातातल्या पिशवीत ठेवा. त्या पहाटे मायामीत शिरताना शेवटचं एकदा बाल्कनीत उभं राहता येतं, गजर लावून उठा.