बीसीजीच्या फोडात पू झालाय, काय लावू?

ताई, बाळ दीड महिन्याचं, डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे क्षयाची लस टोचली तिथं फोड येऊन पू झालाय, सासूबाई म्हणतात सुई बाधली, मग पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचा डोस लांबवू का, असं तुम्ही विचारलंय. काही लावू नका आणि डोसही लांबवू नका.

मी करवीर तालुक्यात आरोग्यसेविका होते. बीसीजीचा फोड हा बिघाड नव्हे. या लशीत कमजोर केलेले पण जिवंत जंतू असतात, ती कातडीच्या वरच्या थरातच देतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथं पुळी येते, मोठी होते, कधी फुटून पू वाहतो, आणि 6 ते 12 आठवड्यांत सुकून वण राहतो. वण उठला नाही तरी लस पुन्हा देत नाहीत.

एका आजीनं अशाच फोडावर हळद-तूप लावून चिंधी बांधली होती. ती चिकटून बसलेली. पाण्यानं भिजवून सोडवताना बाळ कळवळलं, आणि खालची जागा पार चिघळलेली. आजीनं मायेनंच केलं होतं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. तेव्हा सासूबाईंना रागानं नको, शांतपणे सांगा. रोज अंघोळ घाला, दंड हलक्या हातानं टिपा, सैल सुती झबलं घाला. फोड पिळायचा नाही.

डाव्या काखेत गाठ मोठी होत गेली, मऊ पडली किंवा लाल झाली, तर मात्र कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात, बालरोग विभागात दाखवा.

पेंटा मांडीत देतात. तिथं दोन-तीन दिवस लाली, सूज येते, कधी न दुखणारी गाठ काही आठवडे राहते. गार पाण्याची घडी ठेवा, चोळू नका. नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात त्या गोवर-रुबेलाच्या लशीनंतर 7 ते 12 दिवसांनी ताप आणि बारीक पुरळ येऊ शकतं, तेही आपोआप जातं.

खरी घाई अशा वेळी करायची: टोचल्यावर थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, धाप लागली, बाळ मलूल पडलं तर. म्हणूनच अर्धा तास केंद्रात बसवतात. केएमटीची बस चुकेल म्हणून लगेच उठणाऱ्या कितीतरी आयांना मी हात धरून बसवलंय.

येत्या लसीकरणाच्या दिवशी कार्ड घेऊन जा. दंड सिस्टरला दाखवा आणि पेंटा घेऊनच या.