एपिथेलियल ट्रान्सपोर्ट: सुरुवात पंपापासून करा

एपिथेलियल ट्रान्सपोर्ट म्हणजे आतड्यासारख्या अवयवांच्या अस्तरातल्या पेशींमधून होणारी क्षार, साखर, पाणी यांची ने-आण. ती शिकताना आधी सगळ्या ट्रान्सपोर्टरची (पदार्थ पेशीच्या आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनांची) नावं पाठ करायला बसू नका. महिना जातो आणि हाती काही लागत नाही. कोऱ्या कागदावर एक पेशी काढा: वर आतड्याची पोकळी, खाली रक्त, शेजारच्या पेशीशी घट्ट सांधा.

आता खालच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप. 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत, खर्च 1 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू). पुढचं बहुतेक सगळं याच्याच जिवावर चालतं. पेशीत सोडियम कमी राहतं, म्हणून वरून ते आत घुसायला बघतं. एसजीएलटी1 (वरच्या बाजूचा सोडियम-ग्लुकोज ट्रान्सपोर्टर) मधून 2 सोडियम येताना 1 ग्लुकोज सोबत आणतात. जुलाबात ओआरएसमध्ये मिठाबरोबर ग्लुकोज का हवं, ते इथे उलगडतं. फार सुंदर जागा आहे ही, इथे घाई करू नका.

नवखे हमखास चुकतात ते असं:
- पंप वरच्या बाजूला काढतात. (अपवाद आहेत, ते नंतर.)
- पाण्यालाही पंप असतो असं धरतात. पाणी विद्राव्यांच्या (विरघळलेल्या पदार्थांच्या) मागोमाग ऑस्मोसिसने जातं.
- दोन पेशींमधली वाट विसरतात.

मूत्रपिंडाच्या नलिका सध्या बाजूला ठेवा. हे चित्र न बघता काढता आलं की त्या घेऊ.