नारायणगाव-जुन्नरला लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन दोन दिवस कुठे फिरावं?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत एका शनिवार-रविवारी पुण्याहून येणार, बरोबर सात आणि तीन वर्षांची मुलं, सत्तरीचे आईवडील, आणि 'रिसॉर्ट नको, शेत आणि मोकळी हवा पाहिजे'. पण यादीत शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, खोडद, नाणेघाट, माळशेज असं सगळंच टाकलंय. मी नारायणगावजवळच राहते, सासरची द्राक्षबाग आहे, दर हिवाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांची अशी पलटण उतरते. त्या अनुभवावरून सांगते, आधी यादीची छाटणी करा.

नाणेघाट आणि माळशेज काढून टाका. माळशेजची मजा पावसात, फेब्रुवारीत तिथे धबधबा शोधावा लागेल. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, सगळं खरंय. पण कड्याच्या टोकावर तीन वर्षांच्या पोराचा हात धरून उभं राहण्यात तुमचं लक्ष ना शिलालेखाकडे राहील ना दरीकडे. पोरं मोठी झाली की या.

आता शेताचं. फेब्रुवारी निवडलात हे फार बरं केलंत. लोक मे महिन्यात येतात आणि 'द्राक्षं कुठायत?' विचारतात. तेव्हा खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतर जुन्या काड्या छाटणं, होऊन वेलींना नुसती कोवळी पालवी असते. ऑक्टोबरच्या आसपास फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी होते, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. तुम्ही याल तेव्हा मांडवाखाली काळे घड लोंबत असतील, तेही तीन वर्षांच्या पोराच्या हाताला लागतील इतके खाली.

बागेत शिरण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा : शेवटची फवारणी कधी झाली? चांगला शेतकरी तारीख सांगेल. 'काय नाय होत, खावा' म्हणाला तर फोटो काढा आणि खायला दुसरीकडून घ्या. मण्यांवर जी पांढरट भुकटी दिसते तिला बघून आया घाबरतात, पण ती औषधाची नसते. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तोच तसा दिसतो. तरी धुऊनच खा. आणि पोरांना घड देठाला धरायला शिकवा. मण्यांना हात लागला की ती भुकटी पुसली जाते, बोटांचे ठसे उठतात आणि व्यापारी तो घड बाजूला काढतो. आमच्याकडे एकदा शाळेची सहल येऊन गेली. पोरांनी खाल्लं फारसं नव्हतं, पण पहिल्या दोन ओळींतला प्रत्येक घड प्रेमानं कुरवाळला होता! सासरे तीन दिवस गप्प होते.

राहायला कृषी पर्यटन केंद्र बघा. या भागात बरीच आहेत, 2018 साली जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केल्यापासून तर वाढलीच. पण नावात 'कृषी' आणि आत डीजे, असलेही प्रकार आहेत. मागे माहेरची मंडळी अशाच एका ठिकाणी उतरली होती. शेत म्हणजे गेटजवळची चार मक्याची ताटं, आणि एक गाय, तीही फोटोपुरती बांधलेली. म्हणून फोनवर सोयी विचारू नका, 'सध्या शेतात काय आहे?' हे विचारा. 'कांदा काढायला आलाय, हरभरा घाट्यावर आहे, म्हैस परवाच व्यायलीय' असं उत्तर आलं की बिनधास्त पैसे भरा. सरकारचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं, त्याखाली केंद्राची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. ती आहे का तेही विचारून घ्या.

आणि शेततळं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. लांबून ते निळंशार, पोहण्याच्या तलावासारखं दिसतं, पण आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, उतार तीव्र आणि त्यावर शेवाळ. पाय घसरला की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा वर चढू शकत नाही, कारण हाताला धरायलाच काही नसतं. आमच्याच शेतात माझ्या मुलाचा चेंडू आत गेला. तो काठावर बसून एक पाय कागदावर टाकून बघत होता, चप्पल सर्रकन खाली गेली. मी दोन हातांवर होते म्हणून दंड धरता आला. ती चप्पल आठवडाभर पाण्यावर तरंगत होती, रोज बघायची आणि पोटात गोळा यायचा. दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं चारी बाजूंनी जाळी मारली, आणि काठाला खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर आत सोडले. तुम्ही जाल तिथे जाळी आणि दोर आहेत का, हे सामान उतरवायच्या आधी बघून या. दिसले नाहीत तर मुलं सतत नजरेसमोर ठेवा, 'इथं काही होत नाही' कुणीही म्हणो.

दुसरी गोष्ट बिबट्याची. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या. आता तो इथलाच रहिवासी आहे. घाबरून बेत रद्द करू नका, पण अंधार पडायच्या आत मुलं अंगणात हवीत. उसाच्या कडेनं संध्याकाळचा फेरफटका नको, आणि पोरांना शी-शूला लांब पाठवू नका. खाली बसलेला माणूस किंवा लहान मूल त्याला सावजाएवढंच वाटतं. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण ते काही प्राणिसंग्रहालय नव्हे. परवानगी नसेल तर गेटवरून परत यावं लागेल.

आता फिरण्याचं. शनिवारी दुपारी ओझर. विघ्नहराचं देऊळ सपाटीवर आहे, आजी-आजोबांना त्रास नाही, मागे येडगाव धरणाचं पाणी पसरलेलं आहे. होडीत बसलात तर लाइफ जॅकेट मागून घ्या. ते मापाचं नसेल तर धाकट्याला काठावरच ठेवा. लेण्याद्रीला पायऱ्या तीनशेच्या घरात आहेत. डोली मिळते, पण एका सहलीत एकच चढण ठेवा, आणि ती शिवनेरीची ठेवा.

शिवनेरीवर गाडी पहिल्या दरवाज्याच्या बऱ्यापैकी जवळ जाते. रविवारी सकाळी सातला चढायला लागा, नऊनंतर ऊन तापतं. सात दरवाजे आहेत. थोरल्याला मोजायला लावा, चढ कसा संपला कळणार नाही. तीन वर्षांच्याला शेवटी खांद्यावर घ्यावंच लागेल. वर शिवजन्माची इमारत, गंगा-जमुना टाकी. टाक्यांतलं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं. कड्यांना आग्या मोहळं असतात, त्यामुळे अत्तर-परफ्यूम नको, दगड मारणं आणि धूर तर अजिबात नको. आजी-आजोबांना शिवाई देवीपर्यंत जमलं तर तिथेच सावलीत बसू द्या. आणि तारीख जपा : 19 फेब्रुवारीला शिवजयंती, त्याच्या आगेमागे गडावर मुंगीला वाट मिळत नाही.

खोडदची महाकाय दुर्बीण, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी, माझी लाडकी. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यातल्या चौदा खोडदजवळ एकमेकींच्या आसपास, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या. कांद्याच्या वाफ्यांमागून अचानक एवढी मोठी जाळी मान वर करून उभी दिसते, तेव्हा पोरं गाडीतच ओरडतात. थोरला विचारेल, 'जाळीला एवढी भोकं, लहरी गळून नाही का जाणार?' सांगा, त्या रेडिओ लहरींची लांबी या भोकांपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून त्या अडतात. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे तबकडी हलकी ठेवता आली. आत जायला आधी परवानगी काढावी लागते आणि मोबाइल बंद ठेवावा लागतो, पण रस्त्यावरूनही छान दिसते. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळांच्या प्रयोगांची मोठी जत्रा भरते. त्या सुमारास येणं जमलं तर बाकी सगळं सोडून आधी तिथे जा.

रविवारी दुपारी जेवून तीनपर्यंत निघा, नाहीतर चाकणला अडकाल. डिकीत द्राक्षाच्या दोन पेट्यांपुरती जागा ठेवा. त्या सर्वात वर ठेवायच्या, त्यांच्यावर बॅग नको.